वहिनीचा हायड्रोजन

वहिनी गेली त्या सकाळी मी नागपूरजवळच्या बेसा इथल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. दादाचा फोन आला. "गेली वं मंगला," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच कानाशी धरून राहिला. पलीकडून वॉर्डातल्या गाड्यांची खडखड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला तरी चादर बदलायला सांगत होतं... मी रडले नाही. ऑटोत बसून प्रताप नगरला दादाच्या घरी पोहोचेपर्यंत मी तोंडातल्या तोंडात ज्यांची नावं घेत होते ते देव नव्हते, तिला हसलेली माणसं होती.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी जवळचे, कोणी लांबचे. त्यातल्याच एक लांबच्या काकू माझ्या शेजारी बसल्या, चहाचा कप हातात घेतला आणि हळूच विचारलं, "ह्याच ना त्या, ज्यांच्या तोंडातून जाळ निघे?" विचारताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. सुतकाच्या घरात, वहिनीच्या फोटोसमोर! मी म्हणाले, "काकू, कप खाली ठेवा आणि निघा." नंतर लोक म्हणाले, मंगलाला वहिनीचं दुःख सहन होत नाही. दुःख सहन होतं हो. सगळ्यांना होतं, मलाही होईल. सहन होत नाही ते हे हसू. वहिनी आजारी पडली तेव्हापासून हे हसू तिच्या मागे लागलं होतं, आणि माझ्या मते तिचा जीव आजाराइतकाच त्या हसण्यानेही घेतला. म्हणून लिहिते आहे.

माझी वहिनी, प्रमिला पराते, ही उमरेडच्या एका विणकराची मुलगी. घरात माग, अंगणात वाळत घातलेलं सूत, आणि ही पोरगी एसटीने नागपूरला येऊन-जाऊन रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. तिच्या तोंडात एक शब्द सतत असायचा, "काहून?" वरणाला फेस काहून येतो, माठातलं पाणी गार काहून होतं, तांब्याच्या गडव्यावर हिरवं काहून चढतं... प्रश्न तीच विचारायची आणि उत्तरही तीच शोधायची. आई वैतागून म्हणायची, "सुनेनं इतकं काहून-काहून करू नाही." वहिनी हसायची आणि दुसऱ्या दिवशी नवा काहून काढायची. पुढे ती एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि तिथेच तिचं आयुष्य गेलं. दहावीच्या पोरांना हायड्रोजन तयार करून दाखवणं हा तिचा आवडता तास. जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल टाकायचं, नळीत वायू गोळा करायचा, तोंडाशी पेटती काडी न्यायची आणि "फट्" आवाज झाला की मागच्या बाकावरची झोपलेली पोरंही जागी व्हायची. तिला मूलबाळ झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे एका डॉक्टरने याचाही उपयोग करून घेतला.

तिचा एक स्वभाव मला कधी पटला नाही. तिला राग यायचा नाही. समोरचा मूर्खपणा करत असला, टिंगल करत असला, तरी ती शांतपणे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागायची. जणू त्याला समजलं नाही एवढीच अडचण आहे. तिच्या वाट्याचा राग मग मलाच करावा लागायचा. अजूनही करते आहे.

आजार सुरू झाला तो कोणाच्या लक्षात येऊ नये असाच. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब. वजन उतरायला लागलं. शाळेतल्या बाया म्हणाल्या, मॅडम, कोणतं डाएट करून राहिल्या, आम्हालाही सांगा. ढेकर यायचे, सडक्या अंड्याच्या वासाचे. ती तोंडावर पदर धरायची. मग उलट्या. एकदा रविवारी मी गेले होते तेव्हा मोरीतून बाहेर येऊन मला म्हणाली, "मंगला, काल सकाळी उसळ खाल्ली होती ना, तिचे वाटाणे आता निघाले. जसेच्या तसे. असं काहून व्हावं?" घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली आणि आम्ल कमी करणारी कॅप्सूल दिली. ती रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. महिने गेले, कॅप्सूल चालू राहिली.

मग ती काडी. शेगडीचा लायटर बिघडला होता, म्हणून वहिनीने चहासाठी काडी ओढली. शेगडी पेटली, काडी विझवायला तिने तोंडाजवळ नेली आणि नेमका त्याच वेळी ढेकर आला. काडी विझायच्या ऐवजी तिच्या तोंडासमोर फट् करून जाळ झाला. वरचा ओठ भाजला, भुवईचे केस जळले. दादाने आधी सिलिंडर बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि गॅसवाल्याला बोलावलं. त्याने साबणाचा फेस लावून नळी, रेग्युलेटर, शेगडी सगळं तपासलं. कुठेच गळती नव्हती. "तुझा भास असेल," दादा म्हणाला. भासाने भुवई जळते का, हे त्याला वहिनीने विचारलं नाही. मी विचारलं.

काही दिवसांनी देवाजवळ दिवा लावताना पुन्हा तसंच झालं. या वेळी वहिनी घाबरली नाही. मी गेले तेव्हा तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. परातीत पाणी होतं. शाळेतून आणलेली काचेची परीक्षानळी तिने पाण्याने भरून त्यात उलटी धरली, एक रबरी नळी परीक्षानळीच्या तोंडाखाली सरकवली आणि नळीचं दुसरं टोक स्वतःच्या तोंडात घेतलं. "हसू नको वं," असं बजावून ती ढेकराची वाट पाहत बसली. ढेकर आला. बुडबुडे वर चढले, परीक्षानळीतलं पाणी खाली उतरलं. अंगठ्याने परीक्षानळीचं तोंड बंद करून तिने ती उचलली आणि मला म्हणाली, "काडी ओढ." मी काडी जवळ नेली. फट्! (हे कोणी घरी करून पाहू नये. बहुतेकांच्या ढेकरात नुसती गिळलेली हवा असते. ज्याचा पेटतो, त्याने डॉक्टर गाठावा. कोणता गाठू नये ते पुढे सांगते.)

वहिनीचा चेहरा मला अजून दिसतो. गालाची हाडं वर आलेली, भुवई अर्धी, आणि डोळ्यांत दहावीच्या तासाचा आनंद. "ऐकलं का वं? हायड्रोजन आहे हा! इतके वर्षं पोरांले जस्तातून काढून दाखवला, अन् आता माह्या पोटातच कारखाना निघाला!"

"पण काहून?" या वेळी मी विचारलं.

ती स्टुलावर बसली आणि बोटांवर मोजत सांगायला लागली. "माणसाचं शरीर हायड्रोजन बनवत नाही. जंतू बनवतात, अन्न आंबवून. ते राहतात खाली, मोठ्या आतड्यात. वर जठरात त्यायले थारा नसतो. मग ढेकरात एवढा हायड्रोजन आला कुठून? म्हणजे जंतू जठरात येऊन बसले. काहून बसले? अन्न तिथंच पडून राहते म्हणून. कालचे वाटाणे आज निघतात, ते त्याच्यामुळंच. मंगला, जठरातून खाली जायचं जे दार आहे ना, ते बंद होऊन राहिलं."

एवढं तिने सांगितलं. परातीतल्या पाण्यासमोर बसून, कोणतंही यंत्र न वापरता. पुढे जे निदान झालं ते याहून वेगळं नव्हतं. मधले महिने कुठे गेले, हा माझा प्रश्न आहे.

दादाने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. पोटाचे तज्ज्ञ, गावात नाव, बाहेर खुर्च्या कमी पडाव्यात एवढी गर्दी. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चर्चा त्यांची होईल, वहिनीची राहून जाईल. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टरांनी दादाला विचारलं, "यांना काय होतंय?" वहिनी समोर बसली होती, बोलता येत होतं तिला, पण प्रश्न दादाला. दादा म्हणाला, "गॅस होते जी, उलट्या होतात." मग वहिनीने सगळं क्रमाने सांगितलं. पोट भरणं, वाटाणे, कूस बदलली की पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज, आणि शेवटी ढेकर. ढेकर पेटतो म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, दादाकडे पाहिलं आणि हसले.

"मॅडम, सायन्स टीचर ना तुम्ही? टीचर लोकांना प्रत्येक गोष्टीत थिअरी लागते."

"मी दाखवू शकते," वहिनी म्हणाली. पर्समध्ये तिने परीक्षानळी आणली होती, रुमालात गुंडाळून. "थोडं पाणी अन् एक काडी लागेल फक्त."

दाराशी उभा असलेला कंपाउंडर फिस्सकन हसला. डॉक्टर म्हणाले, "इथे सर्कस नको, मॅडम. मोबाइलवर वाचणं जरा कमी करा." मग पुन्हा दादाला, "मूलबाळ?" दादाने मान हलवली. "तेच. या वयात, घरात कोणी नसलं की बायकांचं सगळं लक्ष स्वतःच्या पोटाकडे जातं. मनाला शांतता हवी आहे यांच्या. गोळ्या लिहून देतो." तीच आम्ल कमी करणारी कॅप्सूल त्यांनी वाढवली आणि खाली झोपेची, मन शांत करणारी एक गोळी जोडली. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोटाला हात लावून तरी पाहा." त्यांनी मला विचारलं, "आपण कोण?" आणि घंटी दाबली. दादा उठताना हात जोडून म्हणाला, "सॉरी डॉक्टर, तिची सवयच आहे तशी." बायकोच्या वतीने माफी मागत होता माझा भाऊ. तिने परीक्षानळी परत रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. जिन्यावर मी दादाशी भांडले. ती म्हणाली, "जाऊ दे, त्यायले मी नीट सांगू शकली नसेन."

नीट सांगू शकली नसेन! अख्खं आयुष्य ज्या बाईने अवघड ते सोपं करून सांगितलं, तिच्या तोंडचं हे वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं आहे.

गोळ्यांनी ती दिवसा पेंगायला लागली. उलट्या थांबल्या नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल बोलणं थांबलं. दादाने कोणाजवळ तरी सांगितलं असावं, किंवा त्या कंपाउंडरच्या तोंडून बाहेर पडलं असेल, गोष्ट पसरली. नात्यातल्या एका लग्नात पंगतीत कोणीतरी ओरडलं, "प्रमिलावहिनीले शेगडीजवळ बसवू नका रे, मंडप जाईल!" अख्खी पंगत हसली. आणि वहिनी काय करत होती? ती त्या माणसाला हायड्रोजन काय असतो ते समजावून सांगत होती. तो आणखी हसला. शाळेतही पोरांपर्यंत गेलं. मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत तिच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली, "मॅडम, तब्येत सांभाळा, मुलंही उगाच हसतात." त्या दिवशी तिचा फोन आला होता. आधी तिने माझ्या तब्येतीचं विचारलं. मग म्हणाली, "यंदा पोरांले हायड्रोजन कोण दाखवणार गा...?" "गा" पुरुषांना म्हणतात, आम्हा बायकांना ती नेहमी "वं" म्हणायची. भान नव्हतं तिला.

उन्हाळा लागला. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस पडला की सगळे एकच म्हणतात, ऊन लागलं. वहिनी बाथरूमच्या दारात पडली तेव्हाही तेच म्हणाले. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावून, कांदा जवळ ठेवायला सांगून घरी पाठवलं. मी पाहिलं तेव्हा तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दादा म्हणाला, मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतो. मी म्हणाले, तू बस घरी. तिला ऑटोत घालून मी सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे बाह्यरुग्ण विभागात डॉ. नसरीन होत्या. चाळिशीच्या, केसांना पेन खोचलेलं, समोर माणसांचा पूर. मला वाटलं, इथे तर कोण ऐकणार. त्यांनी विचारलं, "क्या होता है, मॅडम?" प्रश्न वहिनीला होता. वहिनी खूप दिवसांनी पुन्हा तशीच क्रमाने बोलायला लागली, पण ढेकराशी आली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको असं झालं होतं तिला. मीच म्हणाले, "यांचा ढेकर पेटतो. काडीने."

डॉ. नसरीन हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या. "फिर से बोलिए. डकार जलती है? किताब में पढ़ा था हमने... देखा कभी नहीं." त्यांनी वहिनीला आडवं केलं, पोटावर कान जाईल इतक्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी कंबर धरून हलकेच हलवली. अर्धी भरलेली घागर हिंदकळावी तसा आवाज आला. मला दोन हात अंतरावरून ऐकू आला. "सकाळपासून काय प्यायलात?" वहिनी म्हणाली, "काहीच नाही. इच्छाच नाही होत." डॉक्टरांनी विचारलं, "तो फिर ये पानी कब का है?" त्यांनी तिथल्या तिथे भरती करून घेतलं. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, तेव्हा जे निघालं त्यात केव्हाचं अन्न होतं ते सांगवत नाही. तोंडाला हात लावून वास अडवणाऱ्या नर्सला वहिनी म्हणत होती, "माफ करा हं, ताई."

दुर्बिणीने पाहायचं ठरलं तेव्हा डॉ. नसरीन यांनी खोलीतल्या सगळ्यांना बजावलं, विजेने जाळणारं कोणतंही अवजार चालवायचं नाही, अशा पोटातला वायू पेटू शकतो. वहिनीला भूल दिलेली नव्हती, घसा तेवढा बधिर केला होता. नंतर तिने मला सांगितलं की ते वाक्य ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हायड्रोजन पहिल्यांदाच कोणीतरी खरा धरला होता. जठराचं खालचं तोंड इतकं आवळलं गेलं होतं की दुर्बीण पुढे गेली नाही. आवळणारी एक गाठ होती. तुकडा तपासायला गेला, पोटाचा स्कॅन झाला. कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत पोहोचला होता.

डॉ. नसरीन यांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. जठरातलं आम्ल जंतूंना मारतं. इथे अन्न अडकलेलं, त्यात रोजच्या कॅप्सूलने आम्ल कमी झालेलं, मग जंतूंना मोकळं रान मिळालं. "पण मॅडमनी हे सगळं आधीच सांगितलं होतं म्हणता? कितने महीने से?" दादाने जुनी चिठ्ठी पुढे केली. मी विचारलं, तेव्हाच ऐकलं असतं तर वाचली असती का? त्या खोटं बोलल्या नाहीत. "कह नहीं सकती. पण संधी मिळाली असती. आता तीही नाही." मग त्या वहिनीच्या खाटेशी गेल्या आणि तिलाही काही न लपवता सांगितलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं." आणि थोड्या वेळाने, "अर्धंच बरोबर होतं. दार बंद झालं ते समजलं, कोणी बंद केलं ते नाही समजलं..."

शस्त्रक्रिया करून जठरातून आतड्यात जायला दुसरी वाट काढून दिली. आजार तसाच राहिला, पण अन्न खाली उतरायला लागलं. वहिनी पुन्हा जेवायला लागली. पाटवडीचा रस्सा मागून घेतला, वाटीला बोट लावून चाटून खाल्ला. एका दुपारी तिने परात मागितली. ढेकर नळीत धरला, मी काडी नेली. काडी गपचूप जळत राहिली, माझ्या बोटापर्यंत आली. काहीच आवाज नाही. "गेला," वहिनी म्हणाली, कोणी पाहुणा निघून गेल्यासारखं.

याच काळात डॉ. नसरीन यांनी ठरवलं की या रुग्णाबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहायचं. ढेकरातला हायड्रोजन आणि जठराचं आवळलेलं तोंड यांचा संबंध जाणकारांना माहीत आहे, जुन्या लेखनात पेटलेल्या ढेकरांचे उल्लेखही सापडतात. पण ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला तो आठवत नाही, म्हणून पुन्हा लिहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीच्या दिवशी त्या लॅपटॉप घेऊन प्रताप नगरला यायच्या. वहिनी उशीला टेकून बसायची. रुग्णाचं नाव अशा लेखात देत नाहीत, हे कळल्यावर ती म्हणाली, "रुग्ण म्हणून झाका खुशाल. पण गॅस कोणी ओळखला, तिथं माझं नाव पाहिजे. माहेरचं माझं आडनाव निनावे. शास्त्रातही निनावीच राहू का मी?" नसरीन मॅडम म्हणाल्या, "बिलकुल नहीं. आपका नाम मेरे साथ आएगा." मसुदा वाचताना एका वाक्यापाशी वहिनी अडली. त्यात होतं, रुग्णाने ढेकर पेटत असल्याची तक्रार केली. "तक्रार केली असं नका लिहू," वहिनी म्हणाली. "रुग्णाने प्रयोग केला, असं लिहा." तसं लिहिलं गेलं. दिवाळी झाली आणि वहिनी गेली.

इथे थांबता आलं असतं. पण तेरवीनंतर थोड्याच दिवसांनी दादाने मला बोलावून घेतलं आणि वर्तमानपत्राचं पान पुढे केलं. आतल्या पानावर छोटी बातमी, सोबत मोठ्या डॉक्टरांचा हसरा फोटो. डॉक्टरांच्या एका मेळाव्यात त्यांनी 'पेटणारा ढेकर' या दुर्मीळ प्रकारावर व्याख्यान दिलं होतं. जठराचं तोंड आवळलेल्या एका महिलेच्या ढेकरात हायड्रोजन असल्याचं त्यांनी ओळखलं, असं लिहिलं होतं. व्याख्यानाला हशा आणि टाळ्या मिळाल्या, असंही. ती महिला मेली हे कुठेच नव्हतं. त्यांच्याकडे माहिती गेली कशी? दादाने नेली होती. निदान झाल्यावर तो रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेला होता, त्यांना कळावं तरी, म्हणून. "इंटरेस्टिंग केस आहे," म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले होते.

आम्ही दोघं गेलो. नंबर लावून बसलो, इतरांसारखे. आत गेल्यावर त्यांनी दादाला विचारलं, "बोला, काय त्रास?" दादाने ते पान टेबलावर ठेवलं. "हो, हो, चांगली बातमी दिली त्यांनी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना अंदाज आला. "अच्छा, तुम्ही त्यांचे... काय नाव होतं हो पेशंटचं?"

माझा भाऊ आयुष्यात कोणासमोर आवाज चढवून बोललेला नाही. तो उभा राहिला. "प्रमिला. प्रमिला अशोक पराते. एम.एस्सी., रसायनशास्त्र. ह्याच खुर्चीवर बसून तिनं तुमाले सांगतलं होतं, अन् तुमी हसले होते. मीही हात जोडून माफी मागतली होती. आता घ्या तिचं नाव. मोठ्यानं घ्या."

"पेशंटचं नाव जाहीर करता येत नाही. नियम आहे."

"पेशंटचं नका घेऊ," मी म्हणाले, "शोधणारीचं घ्या."

"हे बघा, सुरुवातीपासून ही शक्यता माझ्या मनात होतीच."

"मग पोटाला हात काहून नाही लावला?"

त्यांनी घंटी दाबली. कंपाउंडर आला, तोच. त्याने दादाचा दंड धरला. बाहेर पडताना मी थांबले. खुर्च्यांवर बसलेल्या बायांना म्हणाले, "बायांनो, तुमाले काय होते ते तुमीच सांगा. अन् डॉक्टरानं पोटाला हात लावल्याशिवाय उठू नका." कोणी मान हलवली, कोणी नवऱ्याकडे पाहिलं. आत पुढचा पेशंट गेला होता. डॉक्टरांचं काही बिघडलं नाही. काही बिघडणारही नाही, हे मला ठाऊक आहे. डॉ. नसरीन यांनी वहिनीच्या नावासकट लेख पाठवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

दादाला मी माफ केलेलं नाही. तोही माफी मागत नाही. प्रताप नगरच्या त्या घरात तो एकटा असतो, मी मधूनमधून जाते, स्वयंपाक करते, आम्ही फारसं बोलत नाही. परवा माझा गुडघा सुजला म्हणून तो मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तरुण डॉक्टर, चांगला वाटला. सवयीने त्याने दादाकडे पाहून विचारलं, "यांना काय होतंय?"

दादाने हात वर केला. "मले नका विचारू जी," तो म्हणाला, "ती बसली आहे ना तुमच्यासमोर. तिलेच विचारा." आणि त्याने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

डॉक्टर माझ्याकडे वळला. मग मी सांगायला लागले, वहिनी सांगायची तसं, पहिल्यापासून, क्रमाने. दोघंही ऐकत होते. मधे कोणी हसलं नाही.